विचारलंस का तिला?

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

चुलीपुढं बसून, गोठ्यात शेण काढताना, शिलाई मशीन चालवताना रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या जणींना माझा नमस्कार.

मी बचत गटांची समन्वयक आहे. आमच्या भागातल्या बत्तीस गटांच्या बैठका, वह्या, कर्जाचे प्रस्ताव हे माझं काम. या रेडिओवर मी एरवी येते तेव्हा हप्ते आणि हिशोबावरच बोलते. तुम्हीही म्हणत असाल, आली बाई परत वही घेऊन. पण आज वही बाजूला ठेवलीय. आज बोलायचंय ते आपल्या मोबाईलवर येणाऱ्या गाण्याच्या, नाचाच्या आणि गमतीच्या व्हिडिओंबद्दल.

तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखं काय? आला व्हिडिओ, बघितला, हसलो, पुढं पाठवला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही असंच वाटायचं. मग माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक सांगायलाच मी आज आलेय.

पण आधी एक गोष्ट स्पष्ट करते. व्हिडिओ बघू नका, फोन वाईट आहे, बायकांनी रील बघून वेळ घालवू नये, असलं काही मी सांगणार नाही. ते सांगायला घरोघरी माणसं आहेत. दिवसभर राबलेल्या बाईनं रात्री भांडी घासून झाल्यावर दहा मिनिटं फोनवर हसून घेतलं, तर त्यात कुणाचं काय गेलं? आमच्या एका गटातल्या दोघी जणी दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. फडावर कोपी करून राहतात, पहाटे चारला कोयता हातात. त्या मला म्हणाल्या, "ताई, गावाकडच्या भजनाचा व्हिडिओ आला की कोपीत सगळ्या जणी एका फोनभोवती बसतो. गावच बघितल्यासारखं वाटतं." एका आजींची लेक पुण्याला असते. आजींच्या फुगडीचा व्हिडिओ तिला पाठवला, तर ती म्हणे आठवडाभर रोज बघत होती. हे सुख खरं आहे. ते मला कुणाचंच काढून घ्यायचं नाही.

आठ-दहा वर्षांत केवढा फरक पडला बघा. २०१६ नंतर नेट स्वस्त झालं आणि फोन घराघरांत आला. मग पोरापोरींच्या हातात टिकटॉक आलं. २०२० च्या जूनमध्ये सरकारनं ते बंद केलं, पण त्याच वर्षी इन्स्टाग्रामवर रील सुरू झाली, यूट्यूबवर छोटे व्हिडिओ सुरू झाले. आता आमच्या गावातल्या साठ वर्षांच्या मावशींनासुद्धा स्टेटस ठेवता येतं. बाईनं गाणं म्हणावं, नाचावं, नक्कल करावी, लोकांना हसवावं, यासाठी आता तमाशाचा फड लागत नाही की सिनेमा लागत नाही. हे चांगलंच झालं.

आता माझी चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वीची नागपंचमी. आपल्याकडं पंचमीला लेकी माहेरी येतात, रात्री फेर धरतात, झिम्मा, फुगडी, पिंगा होतो, सोंगं निघतात. त्या वर्षी आमच्या एका गटानं शाळेच्या पटांगणात फेर ठेवला होता. चाळीस-पंचेचाळीस बाया असतील. गडीमाणूस एकही नाही. तशी रीतच आहे. पोरगं दहा वर्षांच्या पुढचं असलं तर तेसुद्धा घरी.

रात्री दहाच्या सुमाराला फेर ऐन रंगात आला आणि आमच्या गटातली एक जण उठली. तिचं नाव मी सांगणार नाही. ते का, हे शेवटी सांगते. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. दोन लहान मुली. नवरा मुंबईला टेम्पो चालवतो. ही सासूबरोबर गावात राहते, शिवणकाम करते. गटातून पंधरा हजारांचं कर्ज घेऊन तिनं मोटरची मशीन आणली होती आणि पिको-फॉल सुरू केलं होतं. एरवी बैठकीत तिचा आवाज निघायचा नाही. सही करायची आणि गप्प बसायची.

त्या रात्री तिनं सासऱ्यांचं जुनं धोतर नेसलं, डोक्याला टॉवेल गुंडाळला, आणि दारू पिऊन घरी आलेल्या नवऱ्याची नक्कल केली. दार सापडत नाही म्हणून खांबालाच हाका मारणारा, जेवायला वाढ म्हणून ओरडणारा आणि ताट पुढं आल्यावर बसल्या जागी घोरणारा नवरा. मैत्रिणींनो, बाया हसून हसून जमिनीवर बसल्या. डोळ्यांना पदर लावत होत्या. तिची सासूही हसत होती. मग त्याच धोतरात ती नाचली, आणि काय नाचली!

माझ्या हातात फोन होता. मी ते सगळं टिपलं. घरी जाऊन त्यातला चाळीस-पंचेचाळीस सेकंदांचा तुकडा काढला, आमच्या समन्वयकांच्या ग्रुपवर टाकला आणि माझ्या स्टेटसला ठेवला. वर लिहिलं, "आमच्या गटाची हिरकणी." हसणारे चेहरे लावले. मनात एकच होतं, की ही मुकी मुकी राहणारी बाई केवढी गुणाची आहे ते सगळ्यांना दिसावं. माझा हेतू चांगला होता. पण चूक करणाऱ्या बहुतेकांचा हेतू चांगलाच असतो.

स्टेटस चोवीस तासांत जातं, असं आपण म्हणतो. ते आपल्या फोनवरून जातं. तोवर कुणी ते उतरवून घेतलं असलं तर त्याच्याकडं राहतं. माझ्या स्टेटसवरून तो व्हिडिओ कुणीतरी घेतला. कुणी, ते आजही मला माहीत नाही. माझ्या फोनमध्ये हजारावर नंबर आहेत. त्यात बँकेतले लोक आहेत, खतवाले आहेत, शाळेतले पालक आहेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच व्हिडिओ मला दुसऱ्या गावाच्या ग्रुपवरून परत आला. त्यातला आमच्या फेराचा आवाज काढून कुणीतरी भलतंच गाणं जोडलं होतं. वर लिहिलं होतं, बचत गटाच्या नावाखाली काय चालतं बघा. खाली बापय माणसांचे शेरे. ते मी इथं सांगणार नाही.

तिसऱ्या दिवशी तो मुंबईला तिच्या नवऱ्याच्या खोलीवर पोचला. एका खोलीत आठ-नऊ जण राहतात, सगळे आपल्याच भागातले. कुणीतरी त्याला फोन दाखवला आणि म्हणाला, "बघ, तुझी बायको तुझीच नक्कल करतेय. सगळा गाव हसतोय."

आता त्या रात्री पटांगणात जे झालं ते काय होतं? आपल्या आज्या-पणज्या जे करत आल्या तेच. पंचमीच्या फेरात, मंगळागौरीच्या जागरणात, हळदीच्या रात्री बायकांनी सासू-सासऱ्याची, नवऱ्याची, सावकाराची टिंगल केली नाही असं कधी झालंय का? वर्षभर मनात साठलेलं त्या एका रात्री हसून बाहेर काढायचं. पण ते सगळं बायका-बायकांत. पटांगणाला भिंत नव्हती, तरी कोण बघतंय आणि कोण नाही हे नाचणारीला पक्कं ठाऊक होतं. त्या भरवशावरच ती उठली होती. मी त्या भिंतीला भोक पाडलं.

त्यानंतर ती बैठकीला आली नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं आजारी असेल. दुसऱ्या आठवड्यातही नाही. मी घरी गेले तर दार उघडलं नाही. सासूनं खिडकीतूनच सांगितलं, "तिचा फोन पोरानं बंद करायला लावलाय. तुमच्या गटात आता पाठवायची नाही." तीन महिने ती आली नाही. आमच्या बैठका दर आठवड्याला असतात, म्हणजे बारा बैठका. दोन हप्ते थकले. ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायका कमी झाल्या, कारण ती कुणाच्या समोरच येईना. शाळेत थोरल्या मुलीला पोरं चिडवायला लागली, म्हणून मुलगी शाळेत जाईना. पंचेचाळीस सेकंदांच्या व्हिडिओनं एवढं झालं.

आणि मी काय करत होते? मी स्वतःची बाजू मांडत होते. गटाच्या बैठकीत म्हणाले, "मी काही वाईट हेतूनं टाकला नव्हता. मी फक्त स्टेटसला ठेवला. पुढचं दुसऱ्यांनी केलं." आमच्या गटात एक आत्या आहेत, सत्तरीच्या. निरक्षर आहेत, अंगठा देतात. त्या मला म्हणाल्या, "बाई, तू कुणी का असंना. तू विचारलंस का तिला?"

मी गप्प झाले.

मग त्या म्हणाल्या, "पेटीतले शंभर रुपये काढायचे तर तू आम्हां दहा जणींच्या सह्या-अंगठे घेतीस. ठराव लिहितीस. आणि तिचं नाचणं दुनियेला दिलंस ते कुणाच्या ठरावानं?"

मी बी.ए. झालेली. प्रशिक्षणं देत फिरते, त्यात संमती हा शब्द शंभरदा वापरलेला. पण कळला तो त्या दिवशी.

त्यानंतर आम्ही काय केलं ते सांगते, कारण असा प्रसंग तुमच्यावर आला तर उपयोगी पडेल.

पहिलं, आम्ही वही घेऊन बसलो आणि व्हिडिओ कुठल्या कुठल्या ग्रुपवर दिसला त्याची यादी केली. अकरा ग्रुप निघाले. प्रत्येकाच्या ॲडमिनला फोन केला. भांडलो नाही. सांगितलं की ही आमची बहीण आहे, तिला न विचारता हे गेलंय, तुमच्या ग्रुपवरून काढा आणि सगळ्यांना फोनमधूनही काढायला सांगा. बहुतेकांनी ऐकलं. दोघांनी उडवून लावलं. त्यांच्याकडं गावातली चार वडीलधारी माणसं घेऊन गेलो, तेव्हा ऐकलं. दुसरं, गाणं बदललेला व्हिडिओ एका ॲपवर टाकला होता, त्याची तिथंच तक्रार केली. एकीनं करून भागलं नाही, म्हणून वीस-पंचवीस जणींनी आपापल्या फोनवरून केली. चार-पाच दिवसांनी तो निघाला. तिसरं, हे सगळं करण्याआधी, व्हिडिओ, त्याखालचे शेरे, नंबर आणि तारीख यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. रागाच्या भरात आधी सगळं पुसून टाकलं, तर पुढं पोलिसांत जायचं झालं तर हातात काही राहत नाही.

आणि चौथं, दिवाळीला तिचा नवरा गावी आला तेव्हा मी, त्या आत्या आणि गटाच्या अध्यक्ष अशा तिघी त्यांच्या घरी गेलो. मी त्याच्यापुढं, सासूपुढं आणि मुख्य म्हणजे तिच्यापुढं हात जोडले. म्हणाले, "चूक माझी आहे. तिनं काही वाईट केलेलं नाही. तिनं बायकांत सोंग केलं, तसं पिढ्यान्‌पिढ्या करतात. ते बाहेर नेलं ते मी." तो बराच वेळ बोललाच नाही. मग तिची सासू बोलली. म्हणाली, "अरे, मीही त्या रात्री हसले होते. तुझ्या बाचीच नक्कल होती ती, तुझी नव्हे. त्याचंच धोतर होतं. पण ते बायकांसाठी होतं, गावासाठी नव्हतं." तेव्हा तो जरा सैल झाला. पुढच्या आठवड्यात ती बैठकीला आली. सासू बरोबर आली होती, तीही गटाची सभासद व्हायची म्हणून.

आता कायद्याचं थोडं सांगते.

एखाद्या बाईचा खाजगी अवस्थेतला, म्हणजे अंघोळीचा, कपडे बदलतानाचा किंवा तसला फोटो, व्हिडिओ तिच्या संमतीशिवाय काढला किंवा पाठवला तर तो गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० आहे, त्यात कलम ६६ ई आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात कलम ७७ आहे. त्या कलमातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. असलं चित्र काढायला बाईनं होकार दिला असला, पण पुढं पाठवायला दिला नसला, तरी पाठवणारा गुन्हेगार ठरतो. म्हणजे काढायची परवानगी वेगळी आणि पाठवायची वेगळी. हे कायद्यानंच मानलंय.

पण आपल्या फेरातला नाच काही अंघोळीचा व्हिडिओ नव्हे. साडी नेसून, पदर खोचून केलेल्या फुगडीला हे कलम लागत नाही. कुणी त्या व्हिडिओत घाण मिसळली, चेहरा दुसऱ्या अंगाला जोडला, धमकी दिली, पैसे मागितले, तर मात्र लगेच पोलिसांत जा. सायबर तक्रारीसाठी १९३० हा नंबर आहे, पैशांची फसवणूक झाली तर तिथं जितक्या लवकर कळवाल तितकं बरं. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर बायकांच्या आणि मुलांच्या बाबतीतली असली तक्रार नाव न देतासुद्धा करता येते. महिला हेल्पलाइन १८१ आहे आणि तातडीची मदत ११२ वर मिळते. हे तीन नंबर आणि संकेतस्थळाचं नाव आजच गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पण बहुतेक वेळा जे होतं ते कायद्याच्या हातात येण्याइतकं मोठं नसतं. बाईचं घरातलं जगणं अवघड करायला मात्र तेवढं पुरतं. म्हणून नियम आपणच करायला हवा.

आता दुसऱ्यांकडून आपल्याकडं येणाऱ्या व्हिडिओंचं. त्यात गमतीचे पुष्कळ असतात. तोतरं बोलणाऱ्या माणसाला मुद्दाम बोलायला लावलेला. दारू पिऊन गटारात पडलेल्या म्हाताऱ्याचा. पहिल्यांदा सरकत्या जिन्यावर चढताना घाबरलेल्या खेड्यातल्या बाईचा. शिक्षकानं मार दिल्यावर रडणाऱ्या पोराचा. आपण हसतो आणि पाठवतो. मीही पाठवलेत. पण आता बोट टेकवण्याआधी मी स्वतःला एक विचारते, यातला माणूस आपल्याबरोबर हसतोय का? सरकत्या जिन्यावरची ती बाई कुणाची तरी आई आहे. उद्या मी विमानतळावर गेले तर तिथं माझीही तीच गत होणार.

आणि हसवायचं असलं तर स्वतःहून हसवणाऱ्या बाया काय कमी आहेत? तेलंगणात जगित्याल जिल्ह्यात लंबाडिपल्ली नावाचं खेडं आहे. तिथल्या गंगव्वा नावाच्या आजी शेतात राबणाऱ्या. गावातल्याच पोरांच्या 'माय व्हिलेज शो' या यूट्यूब चॅनेलवर त्या गमतीच्या व्हिडिओंत काम करायला लागल्या आणि इतक्या गाजल्या की २०२० मध्ये तेलुगू बिग बॉसमध्ये गेल्या. तेलुगू न येणाऱ्यालाही त्यांचा चेहरा बघून हसू येतं. पण कॅमेरा आपल्याकडं आहे हे त्यांना ठाऊक असतं. नाव त्यांचं होतं, पैसेही त्यांना मिळतात. फरक एवढाच आहे, आणि तो मोठा आहे.

नावावरून आणखी एक सांगते. आपल्या आया-आज्या पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हणायच्या. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून त्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या आहेत त्या. आता 'पारी' या संकेतस्थळावर त्यांतल्या पुष्कळ वाचायला, ऐकायला मिळतात आणि काहींचे व्हिडिओही आहेत. ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचं नाव असतं आणि गावाचंही नाव असतं. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा सगळ्यात आधी माझ्या डोळ्यात भरलं ते हे. कुठल्याशा वस्तीवरची बाई, जिचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठं आलं नसेल, तिचं नाव तिच्या ओवीपुढं लिहिलंय. आणि आपण ग्रुपवर फिरवतो ते व्हिडिओ बघा. गाणारी कोण, गाव कुठलं, काही पत्ता नसतो. नुसतं "खतरनाक आजी" असं लिहिलेलं असतं. जिची कला तिला नाव मिळत नाही, आणि जिला नाव नको असतं तिचं मात्र गावभर होतं.

आता आमच्या गटानं काय ठरवलं ते सांगते. बचत गटाची पंचसूत्री तुम्हां सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. आम्ही व्हिडिओचीही पंचसूत्री केली आणि ठराव लिहून सह्या घेतल्या.

एक. काढायच्या आधी विचारायचं आणि पाठवायच्या आधी परत विचारायचं. काढलेला व्हिडिओ तिला दाखवायचा. कुठं पाठवणार, कोण बघणार ते सांगायचं. "बघू", "तुझी मर्जी", असं तोंडातल्या तोंडात म्हणाली तर ते नाही समजायचं. गटात कर्ज मंजूर करतानाही आपण स्पष्ट होकार घेतो.

दोन. फेर, हळद, डोहाळजेवण, मंगळागौर असे बायकांचे कार्यक्रम असतील तिथं सगळे फोन एका सुपात ठेवायचे. टिपायचंच असलं तर एकच फोन बाहेर, आणि तो कुणाच्या हातात ते आधी ठरवायचं. ज्यांची हरकत नाही त्यांचाच खेळ टिपायचा.

तीन. कुणाची कला पाठवली तर तिच्या मर्जीनं तिचं नाव आणि गाव लिहायचं. तिला नको असलं तर लिहायचं नाही.

चार. बाहेरून आलेला व्हिडिओ लगेच ढकलायचा नाही. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण दिसली, तर समजायचं की तो पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरून आलाय. कंपनीनं असला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं करून ठेवलंय, ते काही उगाच नाही. त्यातलं माणूस हसतंय की त्याला हसतायत, ते बघायचं. लहान मूल, आजारी माणूस, रडणारी बाई असली तर आपल्या फोनवर ती साखळी तोडायची.

पाच. चूक झाली तर लपवायची नाही. साधारण दोन दिवसांच्या आत असाल तर "डिलीट फॉर एव्हरीवन" करून व्हिडिओ ग्रुपवरून काढता येतो. पण कुणी तो फोनमध्ये साठवला असेल किंवा पुढं पाठवला असेल, तर तो तिथं राहतोच. म्हणून काढून टाकलं म्हणजे झालं, असं नाही. ज्याला पाठवला त्याला फोन करायचा आणि जिचा आहे तिच्या दारात जायचं. आधी आपण जायचं, मग दुसऱ्यांना दोष द्यायचा.

काही जणी म्हणाल्या, "ताई, एवढं विचारत बसलो तर मजाच जाईल." गेल्या वर्षीच्या पंचमीला आम्ही हे करून बघितलं. सुपात एकोणतीस फोन जमले. पहिली दहा मिनिटं सगळ्यांचे हात शिवशिवत होते. मग कुणाला आठवणही राहिली नाही. रात्री दीडपर्यंत फेर चालला. एका आजींनी आपणहून सांगितलं, "माझी फुगडी काढा गं, नातवाला पाठवायची." ती काढली, त्यांना दाखवली. "पदर नीट दिसत नाही, परत काढा," म्हणाल्या. परत काढली. नाव-गाव लिहून पाठवली. नातवानं ती पन्नास जणांना दाखवली आणि आजींना त्याचा केवढा अभिमान! मजा कुठं गेली? उलट वाढली.

आता सुरुवातीला सांगितलं होतं की तिचं नाव का सांगत नाही ते शेवटी सांगेन.

हे भाषण मी लिहिलं आणि काल संध्याकाळी तिच्या घरी गेले. ती मशीनवर होती. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मी म्हणाले, "मला हे रेडिओवर सांगायचंय. पण तुला विचारल्याशिवाय नाही सांगणार. वाचून दाखवते." तिनं मशीन थांबवली आणि सगळं ऐकलं. दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. एका ठिकाणी मी लिहिलं होतं की ती पूर्वीसारखीच हसायला लागलीय. ते तिनं काढायला लावलं. म्हणाली, "तसं नाही झालेलं, ताई. खोटं नका सांगू." आणि नाव घ्यायचं नाही ही तिची अट. मी मान्य केली.

कर्ज तिनं फेडलंय. मुलगी शाळेत जाते. गेल्या पंचमीला ती फेरात आली होती, झिम्मा खेळली, फुगडी घातली. सगळ्यांनी आग्रह केला, पण धोतर काही तिनं नेसलं नाही. नक्कल तिनं अजून परत केलेली नाही. माझ्या स्टेटसनं त्या रात्री आमच्या गटाचं काय हिरावलं, ते मला अशा वेळी कळतं.

पुढच्या महिन्यात पंचमी आहे. निघताना मी तिला विचारलं, "यंदा?" ती मशीनमध्ये दोरा ओवत होती. म्हणाली, "सूप आणणार ना? मग बघू."

आम्ही सूप आणणार आहोत, मैत्रिणींनो. तुम्हीही आणा.